पावसात फ्लॅश पेटवण्याआधी

पक्षी आठ मीटरवर बसलाय आणि पावसाचा एक थेंब कॅमेऱ्यापासून मीटरभरावर आहे. फ्लॅश उडाला की दोघांवर सारखा प्रकाश पडत नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो, त्यामुळे त्या जवळच्या थेंबाला पक्ष्याच्या ६४ पट प्रकाश मिळतो. छायाचित्रकारांच्या हिशेबात हा चक्क सहा स्टॉपचा फरक झाला. शिवाय थेंब फोकसमध्ये नसल्यामुळे तो ठिपका न राहता पांढरी चकती होतो. अशा पन्नास चकत्यांच्या फटींतून मग पक्षी शोधावा लागतो. लोणावळ्याला पहिल्यांदा फ्लॅश घेऊन आलेल्याला वाटतं, लेन्सवर पाणी उडालंय. तो लेन्स पुसतो, पुन्हा फोटो काढतो, आणि पुन्हा तेच.

धुक्यात तर आणखी पंचाईत. खंडाळ्याच्या घाटात धुकं उतरल्यावर गाडीचा अप्पर लावला की समोर पांढरा पडदा उभा राहतो आणि रस्ता होता तोही दिसेनासा होतो. फ्लॅशचं अगदी तसंच होतं. लोणावळा सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर आहे. वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस इथे होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढग सरळ जमिनीवर टेकतात. त्यामुळे पाऊस थांबला तर धुकं आणि धुकं हटलं तर पाऊस, अशी गत असते. फ्लॅशला मनासारखी हवा मिळते ती दोन सरींच्या मधल्या उघडिपीतच.

तरीही लोक फ्लॅश बाहेर काढतात, याला कारण आहे. पवन मावळातल्या आजिवलीच्या देवराईसारख्या दाट झाडीत पावसाळी दुपारीसुद्धा दिवेलागणीसारखा अंधार असतो. एफ ६.३ची टेलिफोटो लेन्स आणि ३२०० आयएसओ लावूनही शटर १/३०च्या आसपास घुटमळतं. पक्ष्यानं नुसती मान वळवली तरी फोटो हलतो. अशा वेळी बॅगेतल्या फ्लॅशकडे हात जाणं साहजिक आहे.

पुण्यातल्या एका हौशी छायाचित्रकाराचा हात असाच गेला होता. लोहगडाच्या पायथ्याशी रिमझिम चालू होती. कॅमेऱ्याला आणि लेन्सला त्यानं प्लास्टिकची खोळ घातली होती आणि फ्लॅशसाठी वरच्या बाजूला खोळीला भोक पाडलं होतं. पाणी फ्लॅशच्या अंगावरून ओघळत बरोबर त्याच भोकातून खाली, फ्लॅश जिथे बसतो त्या हॉट शूपर्यंत पोचलं. आधी फ्लॅश बटण न दाबताच दोनदा उडाला, मग कॅमेऱ्यानं त्याला ओळखणंच बंद केलं. गड्यानं रुमालानं पुसून तो पुन्हा चढवला, पुन्हा उतरवला, आणि तसाच ओला बॅगेत टाकून घरी नेला. आठवड्यानं बघतो तर पायाच्या पिनांवर हिरवट थर चढलेला. दुरुस्ती करणाऱ्यानं फ्लॅश उघडला तेव्हा आतल्या बोर्डावरही तीच हिरवट छटा होती.

या गोष्टीतून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, कॅमेरा ‘वेदर सील्ड’ आहे म्हणून त्यावर बसवलेला फ्लॅशही तसाच आहे असं नाही. हॉट शू म्हणजे उघडे विद्युत संपर्क. काही फ्लॅशच्या पायाभोवती रबरी कडं असतं आणि ते आपापल्या कंपनीच्या कॅमेऱ्यावरच नीट बसतं. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त फ्लॅश चढवला की तिथे फट राहते. दोन, भिजलेला फ्लॅश चालू करून पाहायचा नाही. आधी सेल काढायचे, झाकण उघडं ठेवायचं आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस राहू द्यायचा. इंद्रायणी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा घरगुती उपाय करू नये. तांदळाची पूड संपर्कांत अडकते. स्वतः उघडण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या घरात वीज साठलेली असते आणि सेल काढल्यावरही ती लगेच जात नाही.

लेन्सवरची वाफ हा पावसाळ्यातला दुसरा ठरलेला त्रास. पुण्याहून एसी लावून आणलेल्या थंडगार गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर आणि व्ह्यूफाइंडरवर दव धरतं. पुसून ते जात नाही, कारण काचेचं तापमान वर येईपर्यंत ते पुन्हा धरत राहतं. नेहमी येणारे लोक कामशेत आलं की एसी बंद करून काचा खाली करतात. कॅमेरा बॅगेतच राहू देतात आणि उतरल्यावर वीस मिनिटं चहा पितात.

आता पक्ष्यांकडे वळू, कारण मावळातल्या पावसात फ्लॅशचा खरा प्रश्न यंत्राचा नाही.

पावसाळा हा इथल्या कितीतरी पक्ष्यांचा विणीचा हंगाम आहे. नवरंग पावसाच्या तोंडावर येतो, पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो आणि गवत-काटक्यांचं गोल घरटं बांधतो. शीळकरी कस्तूर धबधब्याजवळच्या खडकाच्या कपारीत घरटं करतो; भाजे, खंडाळा, राजमाचीच्या वाटेवर त्याची माणसासारखी शीळ ऐकू येते ती याच दिवसांत. घाट उतरून खाली गेलं की तिबोटी खंड्या. जेमतेम १३ सेंटिमीटरचा आणि २० ग्रॅमच्याही आतला हा पक्षी जूनमध्ये कोकणात आणि पश्चिम घाटात येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या कडेत बोगदा खणतो आणि आत अंडी घालतो. त्याचे रंग असे की एकदा पाहिल्यावर फोटोचा मोह कुणालाच आवरत नाही.

मोह कुठे नेतो, ते ओढ्याकाठी थोडा वेळ लांबून पाहिलं की कळतं. खंड्या चोचीत सरड्याचं पिल्लू धरून बोगद्यासमोरच्या फांदीवर येतो. समोर माणसं, तिपाया आणि चमकणारे दिवे दिसले की आत जात नाही. मान वर-खाली करत बसतो, उडून जातो, परत येतो, पुन्हा तसंच. माणसांना वाटतं, पक्षी ‘पोज’ देतोय. प्रत्यक्षात आत पिल्लं उपाशी असतात. आई-बापांपैकी एक आत बसून ऊब देत असेल तर बाहेर अडकलेल्या जोडीदारामुळे ऊब देण्याची पाळीही चुकते, आणि पावसाळी गारव्यात उघड्या अंगाच्या पिल्लांना हे परवडत नाही. फोटो छान यावा म्हणून घरट्यासमोरची फांदी मोडली की तेच घरटं साप आणि मुंगसालाही स्पष्ट दिसू लागतं.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं, ती विचलित करणं हे धरलेलं आहे. बंदूक नव्हती, कॅमेरा होता, हा बचाव तिथे चालत नाही. कर्नाळ्यासारख्या अभयारण्यात तर आत जायलाच वनखात्याची परवानगी लागते.

घरट्याजवळचा उद्योग माणसाच्याही अंगाशी येऊ शकतो. ब्रिटनचे एरिक हॉस्किंग हे विसाव्या शतकातले नामवंत पक्षी-छायाचित्रकार. १९३७ साली अंधारात घुबडाच्या घरट्याजवळच्या लपणीकडे जात असताना मादीनं झेप घेतली आणि त्यांचा डावा डोळा गेला. पुढेही त्यांनी पक्ष्यांचीच छायाचित्रं काढली आणि १९७० मध्ये आलेल्या आत्मचरित्राला ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ असं नाव दिलं.

रात्रीचा फ्लॅश हा तर वेगळाच विषय. पवना धरणाच्या बाजूच्या रस्त्यांवर रातवे डांबरावर बसतात, गावाजवळ पिंगळे तारेवर असतात, कड्यांमध्ये शृंगी घुबड असतं. अंधारात पाहण्यासाठी त्यांच्या डोळ्यांची बाहुली पूर्ण उघडलेली असते आणि पडद्यावर मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींची दाटी असते. माणसाचे डोळे प्रखर उजेडानंतर अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. रस्त्यावरच्या रातव्याला दिपवून तिथेच सोडलं आणि मागून गाडी आली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून जाणते लोक रात्रीच्या पक्ष्यांवर फ्लॅश मारतच नाहीत.

मग फ्लॅश घरीच ठेवावा का? दिवसा, घरट्यापासून दूर, चरणाऱ्या किंवा पिसं साफ करत बसलेल्या पक्ष्यावर तो जपून वापरता येतो. मुख्य प्रकाश आकाशाचाच घ्यायचा आणि फ्लॅशनं फक्त पंखांखालची सावली उजळायची. त्यासाठी शक्ती १/१६ किंवा त्याहून कमी पुरते. फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर न ठेवता तारेनं जोडून हातभर बाजूला धरला, तर लेन्ससमोरच्या थेंबांवर थेट उजेड पडत नाही आणि पक्ष्याच्या डोळ्यांत पांढरी चमकही येत नाही. समुद्रात बुडी मारून फोटो काढणारे पाण्यातल्या कणांपासून सुटका करून घ्यायला हेच करतात. त्यांचे दिवे लांब दांड्यांवर असतात. उभं राहायला पडवी किंवा टपरीचं छप्पर मिळालं तर उत्तम, कारण मग लेन्सपुढचे पहिले दोन मीटर तरी कोरडे मिळतात. एक-दोन फोटो काढून थांबायचं. पक्ष्यानं अंग आक्रसलं, शीळ थांबवली किंवा फांदीवर मागे सरकला, तर दुसराही काढायचा नाही.

खरं तर पाऊस फोटोत दिसायला फ्लॅश लागतच नाही. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या वेगानं पडतो. शटर १/६० ठेवलं तर तो सुमारे ११ सेंटिमीटरची रेघ काढतो, १/२५० ला अडीच सेंटिमीटरची. या रेघांमुळेच पाऊस पावसासारखा दिसतो. फ्लॅशच्या एक दशसहस्रांश सेकंदाच्या झगमगाटात मात्र थेंब जागच्या जागी गोठतो आणि फोटोत पावसाऐवजी धुळीचे कण उडाल्यासारखं दिसतं. काळपट पार्श्वभूमी, तिपाई किंवा गाडीच्या खिडकीवर ठेवलेली धान्याची पिशवी, स्थिर बसलेला पक्षी आणि १/६० ते १/१२५ शटर एवढ्यावर काम होतं. आयएसओ ६४००ला आजचे कॅमेरे कुरकुर करत नाहीत आणि उरलेला दाणेदारपणा संगणकावर निघतो.

यासाठी जंगलात शिरण्याचीही गरज नाही. कामशेत, मळवली, कार्ल्याच्या रस्त्यालगत भातखाचरं आहेत. इंद्रायणी भाताचं वाण याच मावळ तालुक्यात, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलं. लावणी चालू असताना चिखलात गायबगळे आणि वंचक माणसांच्या मागे-मागे फिरतात, बांधावरच्या झुडपातून लाजरी पाणकोंबडी बाहेर येते, बाभळीवर सुगरणीचे नर अर्धवट विणलेल्या घरट्यांना लोंबकळत पंख फडफडवतात. गाडी कडेला लावून, इंजिन बंद करून, खिडकीतून फोटो काढले की पक्षी बुजत नाहीत आणि उपकरणं भिजत नाहीत. लावणी करणाऱ्यांचा फोटोत समावेश होणार असेल तर आधी विचारावं, आणि बांध तुडवू नयेत.

ओढ्यात उतरण्याबद्दल मात्र सावध राहावं. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेल्या माणसाला वर डोंगरात किती पाऊस झालाय ते कळत नाही. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला येऊ लागला, आवाज वाढला, की सामान आवरून काठावर यावं. कडेच्या झुडपावर हात टेकताना आधी नीट बघावं. हिरवा चापडा हा साप फांदीवर पानांसारखाच दिसतो.

फोटो काढून झाल्यावरही एक काम उरतं. फोनवर काढलेल्या आणि जीपीएस चालू असलेल्या कॅमेऱ्याच्या फोटोत नेमकं ठिकाण नोंदलेलं असू शकतं. ते न काढता व्हॉट्सॲपवरच्या गटात मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून गेली की पुढच्या रविवारी त्या ओढ्यावर दहा गाड्या उभ्या राहतात. विणीच्या काळातले फोटो टाकायचेच असतील तर सप्टेंबर संपल्यावर टाकावेत आणि ठिकाणाच्या जागी फक्त तालुक्याचं नाव लिहावं.