‘इफ’ ह्या शब्दाविषयीं थोडेसें

‘इफ’ म्हणजे ‘जर’, एवढें पाठ करून विद्यार्थी पुढें जातो आणि तेथेंच फसतो. वसतिगृहांतील मुलास वडिलांनीं इंग्रजींत लिहिलें, असें समजूं : ‘लेट मी नो इफ यू नीड मनी.’ मुलगा म्हणतो, ‘जर पैसे लागले, तर कळवावयाचें; लागले नाहींत, मग पत्र कशास?’ इकडे वडील रोज टपालाची वाट पाहतात. कारण ‘पैसे हवे आहेत कीं नाहीं, तें कळव,’ असें त्यांच्या मनांत होतें. व्याकरणदृष्ट्या दोघेही बरोबर! ‘इफ’ हा ‘कीं नाहीं’ ह्या अर्थींही येतो. असा घोटाळा संभवतो तेथें वडिलांनीं ‘व्हेदर’ लिहावें, हें आम्हांस बरें वाटतें. मुलानें मात्र दोन ओळी धाडाव्याच.

दुसरी अडचण काळाची. ‘पाऊस पडला तर आम्ही जाणार नाहीं,’ ह्यांत पाऊस अजून पडावयाचा आहे, तरी मराठी क्रियापद भूतकाळाचें रूप घेतें. इंग्रजी तेथें वर्तमानकाळ योजते : ‘इफ इट रेन्स’. आमचीं मुलें भविष्याकडे दृष्टि ठेवून ‘इफ इट विल रेन’ लिहितात. ह्या एका ‘विल’वर आमची तांबडी शाई फार खर्च होते. ‘मी पक्षी असतों तर’ ही केवळ कल्पना. म्हणून ‘इफ आय वेअर अ बर्ड’. एकवचनी ‘आय’पुढें ‘वेअर’ पाहून बिचकूं नये.

‘ईव्हन इफ’ म्हणजे ‘जरी’, ‘अ‍ॅज इफ’ म्हणजे ‘जणूं’. आणि मराठींतल्या प्रत्येक ‘तर’साठीं इंग्रजींत ‘देन’ घालण्याची गरज नाहीं.