मोयामोया : बालकांतील पुनरावर्ती पक्षाघाताचे दुर्मीळ कारण

पाच-सात वर्षांचे बालक रडता रडता एका हाताने लुळे पडते आणि थोड्याच वेळात पूर्ववत होते. पिशोरसारख्या गावात असे बालक प्रथम आपल्याच दारी येते. ‘अशक्तपणा आहे’ म्हणून त्याची बोळवण केल्यास पुढील वेग कायमचे अपंगत्व देऊन जाऊ शकतो. म्हणून या व्याधीचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

संप्राप्ती : मस्तिष्कास रक्त पुरविणाऱ्या अंतर्गत कॅरोटिड धमन्यांची अग्रे क्रमाने संकुचित होतात. त्याची भरपाई म्हणून मस्तिष्काच्या तळाशी सूक्ष्म वाहिन्यांचे जाळे तयार होते. अँजिओग्राफीत ते धुराच्या लोटासारखे दिसते. यावरूनच सुझुकी व ताकाकू या जपानी शल्यविशारदांनी १९६९ मध्ये हे नाव रूढ केले. बालकांत रक्ताल्पतेने अंगघात होतो, तर प्रौढांत नाजूक वाहिन्या फुटून रक्तस्रावही होतो.

हेतू : आर.एन.एफ. २१३ या जनुकाचा संबंध २०११ मध्ये जपानमध्ये सिद्ध झाला. तथापि हा दोष असणाऱ्या सर्वांनाच व्याधी होत नाही. बीजदोषास अन्य हेतूंची जोड लागते, हा आपला विचार येथे आठवतो. सिकलसेल, डाउन सिंड्रोम, न्यूरोफायब्रोमॅटोसिस (प्रकार १), अवटुग्रंथीची अतिक्रिया व डोक्यास दिलेली किरणचिकित्सा यांसमवेतही असेच चित्र आढळते. आपल्या राज्यात नंदुरबार, गडचिरोली आदी आदिवासी भागांत सिकलसेल असल्याने तेथून आलेल्या कुटुंबांची विचारपूस अवश्य करावी.

सावधानता : रडणे, फुंकणे किंवा जलद श्वसन यांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मस्तिष्कवाहिन्या आकुंचन पावतात व वेग येतो. म्हणून भस्त्रिका व कपालभाती वर्ज्य समजावी. पक्षाघातात चरकांनी विरेचन सांगितले आहे. परंतु येथे द्रवक्षय घातक ठरतो, म्हणून निदानापूर्वी शोधनास हात घालू नये. औषधालयचालकांनीही अशा रुग्णास रेचक परस्पर देऊ नये. चालू असलेली ॲस्पिरिन आपल्या मताने बंद करू नये, नव्याने सुरूही करू नये.

कर्तव्य : लुळेपणा ओसरला तरी रुग्णास त्याच दिवशी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात (घाटी) पाठवावे. एम.आर.आय. व अँजिओग्राफीने निदान होते. योग्य रुग्णांत शस्त्रक्रियेने मस्तिष्कास नवा रक्तमार्ग देता येतो. आपली औषधे त्यानंतरच्या बल्य व पुनर्वसन चिकित्सेत, तज्ज्ञांच्या संमतीने योजावीत. योग्य वेळी पाठविलेली चिठ्ठी हीही चिकित्साच होय.