जिटरचा आकडा कुठून कुठपर्यंतचा, ते आधी विचारा

आमच्या बाकावर एक बोर्ड तपासायला आला होता. 140 मेगाहर्ट्झचा सिग्नल, 100 मेगाहर्ट्झचा सॅम्पलिंग क्लॉक. हिशेबाने एडीसीचा एसएनआर 71 डीबीच्या आसपास यायला हवा होता. प्रत्यक्षात तो 64 च्या पुढे सरकेना. पॉवर सप्लाय, ग्राउंड, ले-आउट, सगळं स्वच्छ निघालं. मग क्लॉकच्या डेटाशीटकडे वळलो. तिथे 318 फेम्टोसेकंद आरएमएस जिटर छापला होता आणि तो खराही होता. मात्र तो 12 किलोहर्ट्झ ते 20 मेगाहर्ट्झ या ऑफसेटपुरताच होता.

हा पट्टा सोनेट या ऑप्टिकल नेटवर्कच्या मानकातून रूढ झाला. एडीसी तो पाळत नाही. त्यापलीकडचा नॉइजही क्लॉकच्या पिनवर पोहोचतो आणि सॅम्पलिंगमध्ये दुमडून सिग्नलवर येऊन बसतो.

हिशेब हाताने करून पाहा. फेज नॉइज सपाट उणे 150 डीबीसी प्रति हर्ट्झ धरा. डीबी उतरवून साधा आकडा करा, 20 मेगाहर्ट्झने गुणा, दोन्ही साइडबँडसाठी दुप्पट करा आणि वर्गमूळ काढा: 0.0002 रेडियन. त्याला 2π गुणिले 100 मेगाहर्ट्झने भागलं की 318 फेम्टोसेकंद मिळतात. तोच नॉइज 100 मेगाहर्ट्झपर्यंत मोजला, तर जिटर 712 होतो. गेलेले 7 डीबी इथेच होते, म्हणजे एका बिटाहून जास्त.

म्हणून काही गोष्टी कटाक्षाने पाळा. दुप्पट करायला विसरलात तर 318 चे 225 दिसतील आणि क्लॉक उगाच चांगला वाटेल. आलेख उतरता असेल तर त्याचे तुकडे पाडा. डीबीची सरासरी कधीही काढू नका. स्पर वेगळे धरा, कारण त्यांचं माप डीबीसी असतं, प्रति हर्ट्झ नव्हे. उणे 80 डीबीसीचा एकच स्पर 225 फेम्टोसेकंदांचा असतो; वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की 318 चे 390 होतात. शिवाय मोजणाऱ्या उपकरणाचा स्वतःचा नॉइज क्लॉकच्या बराच खाली आहे ना, याची खात्री करा.

पट्टा न सांगता दिलेला जिटरचा आकडा डिझाइनमध्ये घेऊ नका. पुरवठादाराकडून फेज नॉइजचा पूर्ण आलेख मागा आणि आपल्या सर्किटला लागू असलेल्या सीमांमध्ये जिटर स्वतः काढा.