पेशीपासून संस्थेपर्यंत

रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, तेव्हां त्यास लहान लहान कोठड्या दिसल्या. हें त्यानें सन १६६५ त प्रसिद्ध केलें. त्या कोठड्यांस आपण पेशी म्हणतों, व मनुष्यशरीरहि पेशींचेंच बनलें आहे. एकाच कामाच्या पेशी मिळून ऊतक होतें, निरनिराळीं ऊतकें मिळून अवयव, व एका कार्यास लागलेले अवयव मिळून संस्था.

रक्त हेंहि ऊतकच. वाहतें म्हणून तें आपल्या ध्यानांत येत नाहीं. त्यांतील तांबडी पेशी हाडांच्या मज्जेंत उत्पन्न होते व सुमारें १२० दिवस टिकते. तिच्यांतील लोहयुक्त द्रव्य फुप्फुसांत प्राणवायु घेऊन तो सर्वांगास पोंचवितें. लोह कमी पडलें कीं पेशी लहान व फिकट होतात, हृदयास अधिक धांवावें लागतें, पाण्याचा हंडा उचलतांना दम लागतो, आणि घरचीं माणसें त्या बाईस आळशी म्हणतात! हा उघड अन्याय आहे. तिची खालची पापणी आंतून पाहावी. फिकट दिसल्यास तिला दवाखान्यांत न्यावें.

कित्येकदां मूळ पायाखालीं असतें. उघड्यावर शौच केल्यानें मातींत अंकुशकृमींच्या अळ्या होतात. त्या अनवाणी पायांच्या त्वचेंतून शिरतात, रक्तावाटे फुप्फुसांत जातात, घशापर्यंत चढतात, गिळल्या जाऊन आंतड्यांत उतरतात व तेथें रक्त शोषितात. औषधानें कृमि पडतात. परंतु गेलेलें लोह भरून येण्यास कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागतात.