विणलेल्या कागदी हृदयांची नाताळ-सजावट

प्रश्न : वृद्धाश्रमातील ज्येष्ठांना एकत्र बसून करता येईल अशी नाताळची भिंतीवरील सजावट कोणती?

उत्तर : डेन्मार्कमध्ये नाताळात घरोघरी केले जाणारे ‘युलेहियर्ते’, म्हणजे दोन रंगांच्या कागदी पट्ट्या एकमेकींत विणून केलेले हृदय, यासाठी विशेष योग्य ठरते, कारण त्यात डिंक किंवा सुई लागत नाही आणि चुकलेली वीण अलगद उलगडता येते. आज ज्ञात असलेले सर्वांत जुने हृदय परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी १८६० मध्ये केले होते.

लाल व पांढरा असे ७.५ × २३ सेंटीमीटरचे दोन कागद मधोमध दुमडून, त्यांची सुटी टोके गोलाकार कापावीत आणि घडीच्या बाजूने ८ सेंटीमीटर लांबीचे दोन समांतर छेद द्यावेत, म्हणजे प्रत्येक कागदात तीन दुपदरी पट्ट्या तयार होतात. खरी गंमत विणीत आहे : एक पट्टी दुसऱ्या रंगाच्या पट्टीच्या दोन पदरांमधून जाते, पुढच्या पट्टीला स्वतःच्या पदरांत घेते, आणि शेजारची पट्टी नेमका उलटा क्रम धरते, म्हणूनच पूर्ण झालेले हृदय खिशासारखे उघडते.

सांधेदुखीमुळे बोटे आखडलेल्यांसाठी पट्ट्या रुंद ठेवून छेद दुसऱ्याने द्यावेत, आणि विणताना एकाने लाल, दुसऱ्याने पांढरा भाग धरावा, कारण चार हातांनी हे काम अधिक सोपे होते. अंधुक दिसणाऱ्यांसाठी रंगांतील ठळक विरोध अत्यावश्यक आहे. अशी पंधरा हृदये खालून वर पाच, चार, तीन, दोन, एक अशा ओळींत हिरव्या कापडावर टाचून ते बसल्या नजरेच्या उंचीवर लावल्यास भिंतीवर नाताळवृक्ष उभा राहतो.