चालती गाडी दान करण्यापूर्वी

अमेरिकेत जुनी गाडी दान करणं सोपं आहे. फोन केला की टो ट्रक दारात येतो, पावती हातात पडते आणि गाडी जाते. पुढे तिचं काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आम्ही मेरीलँडमध्ये आमची 2014 सालची शेव्ही व्होल्ट ही प्लग-इन हायब्रिड दान केली. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की गाडी कुणाच्या हाती पडते, यावर त्या दानाचं मोल ठरतं. आमच्या मराठी मंडळातले मित्रमैत्रिणी विचारतात, त्यांना मी जे सांगते ते असं.

1. आधी पात्र शोधा, मग दान करा.
बऱ्याच संस्था दानात आलेल्या गाड्या थेट लिलावात काढतात. हे काम बहुधा एखादी मधली कंपनी करते आणि आपला वाटा कापून उरलेले पैसे संस्थेला देते. यात गैर काही नाही. पण गाडी धडधाकट असेल तर तिचा याहून चांगला उपयोग होऊ शकतो. आमच्या मेरीलँडमधली ‘व्हेइकल्स फॉर चेंज’ ही संस्था 1999 पासून आणि व्हरमाँटची ‘गुड न्यूज गॅराज’ 1996 पासून योग्य गाड्या दुरुस्त करून गरजू कुटुंबांना देत आल्या आहेत. उपनगरात पहाटेच्या पाळीला हजर व्हायचं, त्याआधी मुलाला पाळणाघरात सोडायचं आणि त्या वेळेला बस नाही, अशा माणसाला गाडीअभावी नोकरीच नाकारावी लागते. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: गाडी कुणाला देणार की विकणार? मधल्या कंपनीचा वाटा किती? हाय व्होल्टेज बॅटरीचं काम जाणणारा मेकॅनिक तुमच्याकडे आहे का?

2. प्लग-इन हायब्रिड गरजूच्या कामाची आहे, हे संस्थेला पटवून द्या.
‘विजेची गाडी’ म्हटलं की समोरचा बिचकतो, कारण भाड्याच्या घरात चार्जर कुठून येणार? पण व्होल्ट कधीच चार्ज केली नाही तरी पेट्रोलवर चालते. शेजारी साधा 120 व्होल्टचा प्लग मिळाला तर रात्रभरात चार्ज होते आणि रोजचं जवळपासचं जाणं-येणं विजेवर भागतं. आमचं मॉडेल नवं असताना एका चार्जमध्ये 38 मैल जायचं. त्याच्या 16.5 किलोवॅट-तासांच्या बॅटरीतले सुमारे 10.8 च कंपनीने वापरायला मोकळे ठेवले होते, त्यामुळे ही बॅटरी सावकाश म्हातारी होते.

3. गाडीतलं उणंही सांगा.
या व्होल्टला प्रीमियम पेट्रोल लागतं. तंगीत संसार करणाऱ्याला गॅलनमागचा तो फरक जाणवतो. बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांची होती, म्हणजे ती संपलेली. आता एका चार्जमध्ये खरोखर किती मैल जाते, तेही लिहून द्या. गाडीचे गुण-दोष कळले तरच संस्था योग्य घर निवडू शकते.

4. गाडीसोबत एक चिठ्ठी ठेवा.
दोन्ही किल्ल्या, चार्जिंगची केबल, सर्व्हिसचे कागद आणि साध्या इंग्रजीत एक पानभर सूचना, एवढं मी ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि डिकीत ठेवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं: बरेच आठवडे इंजिन लागलं नाही, तर गाडी ते आपणहून सुरू करायला सांगेल, घाबरू नका, इंजिनची निगा म्हणून ते होतं. छोटी 12 व्होल्टची बॅटरी मागे, डिकीच्या फळीखाली आहे. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होणार नाही. टो करावी लागली तर सपाट ट्रकच मागवा. जुन्या मालकाला अंगवळणी पडलेल्या या गोष्टी नव्या माणसाला कोण सांगणार?

5. करसवलतीचा हिशेब आधी करा, पण तिच्यासाठी दान करू नका.
भारतात आयकरात वस्तुरूप दानाला वजावटच नाही. इथे आहे, पण अटींसह. संस्थेने गाडी 500 डॉलरपेक्षा जास्त किमतीला विकली, तर साधारणपणे विक्रीला आले तेवढेच डॉलर वजा होतात. गरजूला फुकट किंवा अगदी कमी किमतीत दिली, मोठी दुरुस्ती केली किंवा स्वतःच्या कामाला बरीच वापरली, तर बाजारभाव धरता येतो. तो 5,000 डॉलरच्या वर गेला की अधिकृत मूल्यांकन लागतं. संस्थेकडून फॉर्म 1098-सी घ्या. आणि मुख्य म्हणजे 2025 साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याची प्रमाणित वजावट 31,500 डॉलर होती. गृहकर्जाचं व्याज, राज्याचे कर आणि सगळी दानं मिळून त्या-त्या वर्षीच्या प्रमाणित वजावटीपुढे जात नसतील, तर गाडी देऊन कर एका डॉलरनेही कमी होत नाही.

6. गाडीतून आपला संसार पूर्ण बाहेर काढा.
टायटलवर ज्यांची नावं आहेत त्यांच्या सह्या घ्या. कर्ज फिटल्याचा कागद जोडा. मेरीलँडमध्ये नंबरप्लेट काढून मोटार वाहन खात्याला परत करायच्या आणि त्यानंतरच विमा बंद करायचा. उलट केलं तर दंड होतो. टोलचा ई-झेडपास काढा, गाडीत साठवलेले फोन नंबर, नकाशातला घरचा पत्ता आणि गॅरेजच्या दाराचं बटण पुसून टाका.

7. गाडी चालती आहे तोवरच द्या.
नवी गाडी घ्यायचं ठरलं की डीलर जुनीचा एक आकडा सांगतो. ते पैसे घराला हवे असतील तर जरूर घ्या. पण त्या रकमेवाचून आपलं काही अडत नसेल, तर गाडी ड्राइव्हवेत गंजायची वाट पाहू नका. अजून चार-पाच वर्षं धावेल अशा अवस्थेत दिलीत, तर एखाद्या घरातली नोकरी तिच्यावर टिकते.