पेनड्राइव्ह भरला, पण कॉपी झाली का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. घरच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर कुटुंबाच्या फोटोंचे फोल्डर आहेत आणि शाळेच्या आठवणींची मी टाइप केलेली एक वर्डची फाइल आहे. हे सगळं पेनड्राइव्हवर कॉपी केलं. घरीच पेनड्राइव्हवरून उघडून पाहिलं, तर फोटोही दिसले आणि फाइलही. पण मुलीकडे पुण्याला गेल्यावर फोटोंचा एकही फोल्डर उघडेना. आठवणींची फाइल उघडली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ! माझे फोटो गेले का?
— एक वाचक, वाई

उत्तर : नाही, फोटो गेलेले नाहीत. ते तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर होते तिथेच आहेत. पेनड्राइव्हवर ते कधी आलेच नव्हते, इतकंच. तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्ही घरी दिसत नाहीत, परगावी गेल्यावरच दिसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फोटो. घरी गेल्यावर डेस्कटॉपवरच्या त्या फोल्डरांकडे नीट पाहा. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, एक छोटा वळलेला बाण दिसेल. बाण असला की तो शॉर्टकट. कॉम्प्युटर बसवून देणारा माणूस पुष्कळदा फोटो डी ड्राइव्हमध्ये ठेवतो आणि सोयीसाठी डेस्कटॉपवर शॉर्टकट करून देतो. शॉर्टकट म्हणजे पत्ता लिहिलेली चिठ्ठी. तुम्ही पेनड्राइव्हवर कॉपी केलीत ती चिठ्ठी. घरी ती उघडली तेव्हा कॉम्प्युटर मुकाट्याने डी ड्राइव्हमध्ये गेला आणि त्याने फोटो दाखवले, म्हणून तुम्हाला वाटलं की ते पेनड्राइव्हवरूनच उघडले. मुलीच्या कॉम्प्युटरला मात्र त्या पत्त्यावर काहीच सापडलं नाही. शॉर्टकटचा आकार एक-दोन केबी असतो आणि फोनवर काढलेला एक साधा फोटो तीन-चार हजार केबीचा. शेकडो फोटोंची कॉपी डोळ्याचं पातं लवायच्या आत झाली, तर तिथेच शंका घ्यायला हवी.

आता खरी कॉपी करू. डेस्कटॉपवरचा तो शॉर्टकट उघडा. वरच्या लांब पट्टीत तुम्ही कुठे पोहोचलात ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ डी ड्राइव्ह, त्यात फोटो, त्यात लग्न. एक पायरी मागे या. आता बाण नसलेला मूळ फोल्डर समोर असेल. त्यावर माउसचं उजवं बटण दाबा आणि कॉपी निवडा. विंडोज 11 मध्ये कॉपी, कट वगैरे कामं त्या यादीच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला लहान चित्रांच्या रूपात असतात. एकामागे एक असे दोन कागद म्हणजे कॉपी. कात्री म्हणजे कट. कात्रीला हात लावू नका, कारण कट करून पेस्ट केलं की मूळ जागेवरून फाइल जाते.

पेनड्राइव्ह लावा. तो एकाच बाजूने बसतो. बसला नाही तर उलटा करा, जोर लावू नका. (यूएसबीच्या जनकांत ज्यांचं नाव घेतात ते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. 1996 साली यूएसबी आलं तेव्हा दोन्ही बाजूंनी बसणारा जोड केला असता, तर तारा वाढल्या असत्या आणि खर्चही, म्हणून तो एकाच बाजूचा राहिला.) कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि ई एकदम दाबा. जी खिडकी उघडते तिच्या डाव्या बाजूला पेनड्राइव्हचं नाव आणि ई किंवा एफ असं अक्षर दिसेल. त्यावर क्लिक करा, मोकळ्या जागेत उजवं बटण दाबा, पेस्ट म्हणा. हिरवी पट्टी सरकू लागेल. फोटो पुष्कळ असतील तर वेळ लागेल आणि तो लागू द्या. एकाच मोठ्या व्हिडिओपेक्षा तेवढ्याच आकाराचे हजारो छोटे फोटो जायला जास्त वेळ लागतो.

पट्टी संपली की मूळ फोल्डरवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज पाहा, मग पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचं तसंच पाहा. ‘कंटेन्स’पुढे किती फाइली आणि किती फोल्डर ते दिलेलं असतं. हे आकडे दोन्हीकडे तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि ‘साइज’पुढचा आकडाही. त्याखालचा ‘साइज ऑन डिस्क’ थोडा वेगळा दिसला तर घाबरू नका. डिस्कवरच्या जागेचे कप्पे प्रत्येक ड्राइव्हवर लहानमोठे असतात, त्यामुळे तो फरक पडतो.

एक गोष्ट राहिली. तुमच्या कॉम्प्युटरवर वनड्राइव्ह, म्हणजे फाइली इंटरनेटवर ठेवण्याची सोय, सुरू असेल, तर काही फाइलींपुढे निळ्या ढगाचं चित्र दिसेल. त्या फाइली कॉम्प्युटरवर नसतात, नुसतं नाव असतं. त्या कॉपी करताना इंटरनेट चालू असायला हवं, म्हणजे त्या आधी खाली उतरतात आणि मग पेनड्राइव्हवर जातात.

आता आठवणींची फाइल. ती खरोखर कॉपी झाली आहे, शब्दन् शब्द. मुलीच्या कॉम्प्युटरवर नाही तो फॉन्ट. आपल्याकडे शाळांत, सरकारी कचेऱ्यांत आणि छापखान्यांत वर्षानुवर्षं श्रीलिपी आणि आयएसएममधले, तसंच कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरले गेले. यांत टाइप केलेलं मराठी कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ टाइप करा, फाइलीत साठतात ती इंग्रजी ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं. ई दिसला की म काढायचा, जे दिसला की र काढायचा, हे फक्त त्या फॉन्टला ठाऊक असतं. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती पाच इंग्रजी अक्षरंच उरतात.

तुमची फाइल या जातीची आहे का ते घरीच कळतं. एक ओळ निवडा आणि तिचा फॉन्ट बदलून एरियल करा. ओळ मराठीच राहिली तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या पद्धतीत, आहे आणि कुठेही दिसेल. इंग्रजी झाली तर जुना फॉन्ट. मग कंट्रोल आणि झेड दाबून ओळ पूर्ववत करा.

फाइल जुन्या फॉन्टमधली असेल तर दोन कामं करा. वर्डमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जाऊन पीडीएफ निवडा आणि ती पीडीएफ मूळ फाइलीसोबत पेनड्राइव्हवर ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाइलीतच बसवले जातात, त्यामुळे मुलीकडेच काय, परदेशातही ती वाचता येईल आणि छापता येईल. पण तिच्यात दुरुस्ती करणं अवघड जातं. म्हणून सवडीने मूळ मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि स्वतः वाचून तपासा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं या ठिकाणी कन्व्हर्टर चुकतो. तुमच्या आठवणी नातवंडांनी वाचाव्यात असं तुम्हाला वाटत असेल, तर हे कष्ट घ्याच. घरोघरी असं किती तरी मराठी लेखन त्या एका कॉम्प्युटरपुरतं उरलं आहे. तो बंद पडला की फाइल हातात असूनही वाचता येत नाही.

आणि शेवटची तपासणी आपल्या कॉम्प्युटरवर करू नका. शेजारी, भाचा, वाचनालय, कुणाचाही विश्वासातला दुसरा कॉम्प्युटर घ्या आणि त्यावर दोन-तीन फोटो आणि एक लेख उघडून पाहा. तिथे उघडलं तर कॉपी झाली.

प्रश्न : 64 जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. कॉम्प्युटरवर साडेएकोणसाठच्या आसपास दिसतो. दुकानदाराने फसवलं का?

उत्तर : नाही. कंपनी जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज 1,07,37,41,824 बाइट धरतं. 64 अब्जाला त्या मोठ्या आकड्याने भागलं की 59.6 येतात. खरी फसवणूक वेगळीच असते. काहीशे रुपयांत दोन टीबीचा पेनड्राइव्ह मिळत असेल तर घेऊ नका. आत चिप लहान असते आणि कॉम्प्युटरला खोटा आकार सांगितला जातो. फाइलींची नावं दिसत राहतात, पण चिप भरल्यानंतरच्या फाइली उघडत नाहीत. स्वस्तातला पेनड्राइव्ह घरात आलाच असेल, तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं मोफत साधन तो पूर्ण भरून आणि परत वाचून खरा आकार सांगतं. हे फोटो टाकण्याआधी करायचं.

याच संदर्भात दुसरी तक्रार येते : पेनड्राइव्हवर जागा असूनही लग्नाचा व्हिडिओ जात नाही. तो पेनड्राइव्ह फॅट 32 या पद्धतीचा असतो आणि त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की अडचण सुटते. मात्र फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, आणि काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत.

प्रश्न : पेनड्राइव्ह इजेक्ट न करता ओढून काढला तर काय बिघडतं?

उत्तर : बहुतेक वेळा काही नाही आणि एखाद्या वेळी सगळं. 2018 च्या ऑक्टोबरमधल्या विंडोज 10 च्या सुधारणेपासून पेनड्राइव्हवर जे लिहायचं ते लगेच लिहिण्याची सोय मुळातच सुरू असते, त्यामुळे धोका कमी झाला. पण लिहिणं चालू असताना ओढला, तर चालू फाइल तर जातेच, शिवाय कोणती फाइल कुठे आहे याची आतली नोंद बिघडू शकते आणि मग जुन्या फाइलीही दिसेनाशा होतात. पेनड्राइव्हवरचीच एक्सेल फाइल उघडी ठेवून काम करणाऱ्यांनी तर इजेक्ट केलंच पाहिजे. त्यासाठी पेनड्राइव्हच्या नावावर उजवं बटण दाबून इजेक्ट निवडायचं.

आणि कधी ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा इंग्रजी संदेश आला, तर कॅन्सल दाबा. आत गरजेचं काही असेल तर त्या पेनड्राइव्हवर नवीन काहीही न लिहिता जाणकाराकडे न्या. हेही लक्षात असू द्या की पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणली आणि पेनड्राइव्हवरच्या सगळ्याच फोल्डरांवर बाण आले. आता काय?

उत्तर : हा व्हायरस आहे. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट पुढे करतो. ते शॉर्टकट उघडलेत तर व्हायरस तुमच्या कॉम्प्युटरवर येईल. म्हणून काहीही न उघडता आधी अँटिव्हायरसने तपासा. आतल्या फाइली बहुधा शाबूत असतात. यापुढे दुकानासाठी एक छोटा पेनड्राइव्ह वेगळा ठेवा आणि त्यावर छापायची फाइल तेवढीच न्या. आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं असलेला पेनड्राइव्ह परक्या कॉम्प्युटरला लावू नका. दुकानदाराने तुमची फाइल त्याच्या डेस्कटॉपवर घेतली असेल, तर निघण्यापूर्वी ती पुसायला सांगा. लाजण्याचं कारण नाही, कागद तुमचे आहेत.

प्रश्न : सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले आहेत. आता कॉम्प्युटरवरचे पुसून जागा मोकळी करू का?

उत्तर : नको. पुसल्यावर जी उरेल ती तुमची एकमेव प्रत असेल, मग ती कॉपी कसली? पेनड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी 1980 च्या दशकात तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी शोधली. तिच्यात माहिती साठते ती विद्युतरोधक थरांत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात. म्हणूनच वीज नसतानाही ती टिकते. पण ही कोंडी कायमची नसते. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला, त्यातही उन्हात तापणाऱ्या कपाटात किंवा गाडीच्या खणात, तर भार हळूहळू गळतो. त्यात हा एवढासा तुकडा हरवतो, धुण्याच्या कपड्यांत जातो. फोटो परगावी न्यायला पेनड्राइव्ह उत्तम आहे, पण एकट्याच्या भरवशावर जपून ठेवायला नाही.

जागा कमी पडत असेल तर एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या आणि फोटो तिच्यावर आणि पेनड्राइव्हवर असे दोन्हीकडे ठेवा. शक्य असेल तर यांतली एक प्रत दुसऱ्या घरी, मुलाकडे किंवा बहिणीकडे द्या. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, दोन्ही लावून फोटो उघडून पाहा. एखादी प्रत खराब झालेली दिसली, तर दुसरीवरून त्याच दिवशी नवी करा.